डॉ. जॉन स्नो : भूल देण्याच्या विद्येचे आद्य उपासक

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात, वैद्यकीची पदवी उत्तम रीतीने संपादन केलेल्या एका ज्ञातिकन्येचा सत्कार झाला. सत्कारास उत्तर देताना तिने पुढील शिक्षणासाठी भूलशास्त्र हा विषय निवडल्याचे सांगितले, तेव्हा टाळ्यांचा जोर किंचित ओसरल्याचे ज्यांचे लक्ष होते त्यांस जाणवले असेल. चहापानाच्या वेळी दोघातिघा वडीलधाऱ्यांनी तिला जवळ बोलावून, इतके गुण मिळाले असता सर्जन का होत नाहीस, अशी आपुलकीने पृच्छाही केली. लपविण्यात अर्थ नाही. त्या पृच्छकांत आम्हीही होतो. मुलगी विनयशील. तिने वाद घातला नाही. जाता जाता, काकांनी डॉ. जॉन स्नो यांचे चरित्र वाचले आहे काय, एवढेच तिने विचारले. आम्हांस स्नो हे नाव पटकीच्या साथीमुळे ठाऊक होते. त्यांचा भुलीशी काही संबंध असल्याची वार्ता आमच्या कानी नव्हती. ते अज्ञान दूर करण्याच्या खटपटीत जे हाती लागले, ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

भुलीचा शोध लागण्यापूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे काय होते, याची आज कल्पनाही करवत नाही. रोग्याला मेजावर घट्ट बांधावे, चार दणकट माणसांनी त्यास धरून ठेवावे आणि शल्यविशारदाने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काम उरकावे, अशी रीत होती. शल्यविशारदाची थोरवी त्याच्या हाताच्या चपळाईवर मोजली जाई. लंडनचे रॉबर्ट लिस्टन हे या चपळाईबद्दल सर्वत्र विख्यात होते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास इष्ट भोजन द्यावे आणि मद्याची सवय असणारास तीक्ष्ण मद्य पाजावे, असा आदेश आहे. (आज शस्त्रक्रियेपूर्वी पोट रिकामे ठेवावयास सांगतात, हा काळाचा फेर म्हणावयाचा!) परंतु मद्याने वेदना बोथट झाली तरी नाहीशी होत नसे. उदरात वा छातीत हात घालण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे, आणि केले तर रोगी बहुधा हाती लागत नसे.

अशा काळात १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क शहरात जॉन स्नो यांचा जन्म झाला. वडील विल्यम हे मजुरी करणारे. घर औस नदीच्या काठी, गरीब वस्तीत होते. नऊ भावंडांत जॉन हे थोरले. मजुराच्या थोरल्या मुलाने लवकर कमावते व्हावे, ही अपेक्षा जगात सर्वत्र सारखीच. तथापि मुलाची गणितातील गती पाहून त्यास वैद्यकाच्या मार्गास लावावे असे घरच्यांनी ठरविले, आणि १८२७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, हा मुलगा घरापासून दूर न्यूकॅसल येथे विल्यम हार्डकॅसल नावाच्या वैद्याकडे उमेदवार म्हणून राहावयास गेला.

त्या काळचे वैद्यकशिक्षण हे असेच होते. आपल्याकडे जसा सोनाराचा वा सुताराचा मुलगा गुरूच्या दुकानी बसून, पडेल ते काम करून विद्या घेई, तसेच तेथे वैद्याचा उमेदवार औषधे कुटी, पुड्या बांधी, रोग्यांच्या घरी निरोप नेई आणि हळूहळू रोग पाहावयास शिके. स्नो यांच्या उमेदवारीचे पाचवे वर्ष चालू असता पटकीची भयंकर साथ इंग्लंडात शिरली. १८३१-३२ च्या हिवाळ्यात न्यूकॅसलजवळील किलिंगवर्थ येथील कोळशाच्या खाणीत माणसे पटापट मरू लागली, आणि हार्डकॅसल यांनी त्या खाणमजुरांच्या शुश्रूषेस या अठरा वर्षांच्या मुलास धाडले. त्याच्या हाती परिणामकारक असे औषध नव्हते. जे होते ते एवढेच, की मरणाऱ्याच्या उशाशी बसून श्वास, नाडी, अंगाचा थंडावा हे सारे नीट पाहावे. आमच्या मते स्नो यांचे खरे शिक्षण तेथे सुरू झाले. पुढे साऱ्या आयुष्यात त्यांनी जे मोठे काम केले, ते रोग्याच्या उशाशी बसून नीट पाहण्याचेच होते.

याच सुमारास त्यांनी मांसाहार सोडला. सतराव्या वर्षी एक पुस्तक वाचून त्यांनी हा निश्चय केला आणि विलायतेसारख्या देशात तो कित्येक वर्षे पाळला. मद्यासही ते शिवत नसत, आणि पाणी पीत तेही ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेले. पुढे प्रकृती ढासळल्यावर हे नियम त्यांस सैल करावे लागले.

उमेदवारी संपल्यावर बर्नोपफील्ड व पेटली ब्रिज या खेडवळ ठिकाणी त्यांनी दुसऱ्या वैद्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काढलेली तीन वर्षे आम्ही येथे ओलांडून जातो. १८३६ मध्ये ते लंडनला निघाले. लिव्हरपूल, तेथून वेल्स प्रांत आणि बाथ या शहरातील मामांचे घर, असा वळसा घेत त्यांनी ही शेकडो मैलांची वाट पायीच तुडविली. लंडनमध्ये ग्रेट विंडमिल रस्त्यावरील हंटेरियन शाळेत शरीरशास्त्र आणि वेस्टमिन्स्टर रुग्णालयात रोगचिकित्सा शिकून १८३८ मध्ये त्यांनी शल्यवैद्यांच्या व औषधवैद्यांच्या, अशा दोन्ही मंडळांच्या परीक्षा दिल्या. सोहो भागातील फ्रिथ रस्त्यावर त्यांनी पाटी लावली. पाटी लागली, पण रोगी येईनात. ना घराणे, ना ओळखीपाळखी, ना बोलण्यात छाप. आवाज तर असा घोगरा, की वैद्यांच्या सभेत ते बोलू लागले तर प्रथम प्रथम कोणी लक्षच देत नसे. तरीही ते सभेस नियमाने जात राहिले, अभ्यास करीत राहिले आणि १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. झाले.

या उपेक्षेच्या वर्षांतच त्यांना श्वासाच्या विषयाचा ध्यास लागला होता. १८४१ च्या ऑक्टोबरात वेस्टमिन्स्टर वैद्यसभेपुढे त्यांनी वाचलेला निबंध गुदमरण्यावर आणि जन्मतःच श्वास न घेणाऱ्या अर्भकास जगविण्यावर होता. श्वास थांबला म्हणजे देहात काय घडते, हवेतील कोणता वायू किती प्रमाणात शरीरात जातो, या गोष्टींचा त्यांनी वर्षानुवर्षे विचार केला होता. त्या अभ्यासाचा उपयोग कोठे होणार, याची त्यांनाही कल्पना नसावी.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची वाफ हुंगवून एका रोग्याची गाठ वेदनेवाचून काढू दिली. जहाजाने ही वार्ता इंग्लंडास पोचली, आणि २१ डिसेंबर रोजी त्याच चपळ लिस्टन यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात ईथर दिलेल्या रोग्याचा पाय मांडीपासून कापला. त्या प्रसंगी ईथर देण्याचे काम कोणाकडे होते? विल्यम स्क्वायर नावाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याकडे! शस्त्र धरणारा हात देशातील सर्वांत नामांकित, आणि प्राण ज्या नळीवर अवलंबून, ती नळी मात्र शिकाऊ मुलाच्या हाती. यात कोणास काही वावगे वाटले नाही. कारण भूल देणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, तीस शिक्षण लागते, ही कल्पनाच अद्याप जन्मास आली नव्हती.

पुढील काही आठवडे लंडनमध्ये ईथरचा नुसता बाजार मांडला गेला. स्नो यांचे तरुण स्नेही डॉ. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. त्यात त्यांनी अशी गोष्ट सांगितली आहे की, एके दिवशी स्नो यांस रस्त्यात एक परिचित औषधविक्रेता काखेत भलेमोठे यंत्र घेऊन लगबगीने जाताना भेटला. आपणास ईथर देण्याची इतकी बोलावणी आहेत की थांबावयास फुरसत नाही, असे म्हणून तो निघूनही गेला. एका औषधविक्रेत्यास जर हा धंदा साधतो, तर आयुष्यभर श्वासाचा अभ्यास केलेल्या आपणास का साधू नये, असा विचार त्या वेळी स्नो यांच्या मनात आला.

त्यांनी प्रथम काय केले, हे पाहण्यासारखे आहे. ईथर कधी लागू पडे, कधी पडत नसे. एखादा रोगी शांत निजे, दुसरा ओरडत-हातपाय झाडीत उठून बसे, आणि त्यामुळे काही शल्यविशारदांनी ईथरचा नादच सोडला. लोक दोष औषधास देत वा रोग्याच्या प्रकृतीस देत. स्नो यांनी दोष मोजमापाच्या अभावात शोधला. हवा जितकी उष्ण तितकी ईथरची वाफ तिच्यात अधिक सामावते. म्हणजे थंड खोलीत रोग्यास वाफ कमी मिळे, उबदार खोलीत फार. ही गोष्ट ध्यानी घेऊन त्यांनी कोणत्या उष्णमानास हवेत किती ईथर राहते याचे कोष्टक केले, आणि १८४७ चा जानेवारी संपण्यापूर्वी ते प्रसिद्धही केले. मग पाण्यात बुडविलेल्या धातूच्या नागमोडी नळीतून वाफ नेणारे एक उपकरण त्यांनी तयार केले, की ज्यामुळे उष्णमान स्थिर राहावे आणि वाफेचे प्रमाण देणाऱ्याच्या हाती राहावे. पक्षी, उंदीर अशा प्राण्यांवर आणि कित्येकदा स्वतःवर त्यांनी प्रयोग केले. सेंट जॉर्ज रुग्णालयात ईथर देण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि लिस्टनही १८४७ च्या डिसेंबरात निधन पावेपर्यंत त्यांनाच बोलावीत असत.

त्याच वर्षी ईथरवरील त्यांचे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी भुलीच्या पाच पायऱ्या वर्णिल्या. पहिलीत रोग्यास आपण कोठे आहोत याचे भान असते. दुसरीत मन चालते पण विस्कळीत. तिसरीत स्वेच्छेची हालचाल उरत नाही. चौथीत अंग शिथिल पडून केवळ श्वासोच्छ्वास चालू राहतो. आणि पाचवीत तोही अडखळू लागतो. ही पाचवी पायरी त्यांनी प्राण्यांत पाहिली होती. मनुष्यास तेथवर कधीही नेऊ नये, हे सांगण्यासाठीच त्यांनी ती लिहून ठेवली. डोळा, पापणी, स्नायूंचा ताठरपणा, श्वासाची चाल यांवरून रोगी कोणत्या पायरीवर उभा आहे हे ओळखावयास शिकणे, म्हणजेच भूल द्यावयास शिकणे. आमच्या समजुतीप्रमाणे, शिकविता येण्याजोगे शास्त्र या विषयास प्रथम या पानांतून मिळाले.

१८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. वास गोड, परिणाम झटपट, यंत्राची गरज नाही. फडक्यावर चार थेंब टाकले की काम झाले. साहजिकच सर्वत्र त्याचा बोलबाला झाला. पण तीन महिनेही लोटले नाहीत तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, न्यूकॅसलजवळच्या विनलॅटन गावी हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी, पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी फडक्यावर क्लोरोफॉर्म दिला असता काही मिनिटांत मरण पावली. ज्या मुलखात स्नो यांची उमेदवारी झाली, त्याच मुलखातील हे गाव. नख काढण्यासारखे क्षुल्लक काम, आणि मुलगी निरोगी!

या मृत्यूने स्नो फार अस्वस्थ झाले असावेत असे त्यांच्या पुढील लिखाणावरून वाटते. कोणी म्हणे औषध अशुद्ध, कोणी म्हणे भीतीने मेली, कोणी म्हणे घशात ओतलेल्या ब्रँडीने गुदमरली. स्नो यांचे म्हणणे निराळे पडले. फडक्यावरच्या क्लोरोफॉर्मची वाफ किती दाट आहे हे देणारास कळतच नाही. वाफ फार दाट असली तर एक-दोन श्वासांतच ती हृदयावर थेट आघात करते, आणि मग सावरावयास वेळ उरत नाही. हवेत क्लोरोफॉर्म शेकडा चार-पाच भागांहून अधिक नसावा, ही मर्यादा त्यांनी घालून दिली. जेथे म्हणून असा मृत्यू घडल्याचे कळे, तेथील हकिगत मिळवून ते टिपून ठेवीत. त्यांच्या अखेरच्या ग्रंथात अशा पन्नास मृत्यूंची छाननी आहे. स्वतःचे यश मिरविण्याऐवजी मृत्यू गोळा करीत बसणारा हा वैद्य समकालीनांस काहीसा चमत्कारिक वाटला असेल.

स्वतः त्यांनी चार हजारांहून अधिक रोग्यांस क्लोरोफॉर्म दिला. प्रत्येकाची नोंद ते त्याच दिवशी वहीत करीत : कोण, वय काय, कोणती शस्त्रक्रिया, भूल कशी लागली, नंतर ओकारी झाली की नाही. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरिया यांच्या प्रसूतीसाठी त्यांस बोलावणे आले. तेथे त्यांनी हातरुमालावर थोडा थोडा क्लोरोफॉर्म, प्रत्येक कळ येई त्या वेळी, त्रेपन्न मिनिटे दिला. राजपुत्र लिओपोल्ड यांचा जन्म झाला. १८५७ च्या १४ एप्रिलला राजकन्या बीट्रिस यांच्या जन्मासमयीही तेच उपस्थित होते. प्रसूतिवेदना हे ईश्वरी विधान आहे, ते हलके करू नये, असे म्हणणारांचा आवाज यानंतर पुष्कळ मंदावला. राजवाड्यातील हकिगत ऐकण्यास लंडनच्या स्त्रिया उत्सुक असत. एका बोलक्या बाईने तर, राणीसाहेब काय बोलल्या ते सांगितल्यावाचून आपण वाफ हुंगणारच नाही, असा हट्ट धरला. राणीसाहेबांनी तुमच्याहून पुष्कळ अधिक वेळ श्वास घेईपर्यंत एकही प्रश्न विचारला नव्हता. तुम्हीही तसेच केलेत तर शुद्धीवर आल्यावर सारे सांगेन, असे स्नो यांनी उत्तर दिले. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा डॉक्टर निघून गेलेले होते.

पटकीवरील त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरील हापशाचे पाणी हेच साथीचे मूळ असल्याचे त्यांनी घराघरांतील मृत्यू मोजून दाखविले, आणि ८ सप्टेंबर रोजी त्या हापशाचा दांडा काढण्यात आला. त्यात आम्हांस महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की रोग दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो हे सर्वमान्य मत त्यांस पटले नाही, याचे एक कारण त्यांचा भुलीचा व्यवसाय होता. वायू हवेत किती वेगाने विरळ होतो आणि श्वासावाटे आत गेला तर कोठे परिणाम करतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक होते? श्वासावाटे आलेले विष प्रथम आतड्यांवर आघात करील, हे त्यांच्या बुद्धीस मानवेना.

१८५५ मध्ये, ज्यांच्या घोगऱ्या आवाजाकडे कोणी लक्ष देत नसे, तेच स्नो लंडनच्या वैद्यसभेचे अध्यक्ष झाले. विवाह त्यांनी केला नाही. १० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरील मोठ्या ग्रंथाची अखेरची पाने लिहीत असता त्यांस पक्षाघाताचा झटका आला, आणि १६ जून रोजी पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ग्रंथ रिचर्डसन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. 'लॅन्सेट' या प्रख्यात वैद्यकीय पत्राने त्यांच्या निधनाची अवघ्या काही ओळींत वासलात लावली. त्या ओळींत क्लोरोफॉर्मचा उल्लेख होता, पटकीचा मुळीच नव्हता! पुढे जगाने नेमके उलट केले. पटकी लक्षात ठेवली आणि भूल विसरली. आम्हीही त्याच जगातले.

या कथेचा एक धागा आपल्या दाराशी येऊन पोचतो. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेस, १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन समित्या बसल्या. खर्च निजाम सरकारचा, पुढाकार तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचा. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर; म्हणून केवळ श्वासावर लक्ष ठेवावे, नाडीची काळजी नको, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. स्नो यांनी हृदयावरील थेट आघाताविषयी दिलेला इशारा मागे पडला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही या संशोधकाने क्लोरोफॉर्मने हृदय अकस्मात थांबू शकते हे प्रयोगाने सिद्ध केले, तेव्हा निदान हृदयापुरता स्नो यांचा इशारा खरा ठरला. मात्र हैदराबादच्या त्याच शाळेतून डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषी शिकून बाहेर पडल्या आणि भूल देण्याच्या कामात त्यांनी नाव मिळविले, ही गोष्ट त्या शाळेच्या जमेस धरलीच पाहिजे. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

आज या विद्येचा मार्ग आखीव आहे. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, एक वर्ष रुग्णालयातील उमेदवारी, आणि नंतर भूलशास्त्रातील एम.डी.ची तीन वर्षे. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याचे हृदय, फुप्फुसे, औषधांची वावडी तपासणे, भूल देणे, शस्त्रक्रिया चालेतो क्षणोक्षणी रक्तातील प्राणवायूवर, रक्तदाबावर लक्ष ठेवणे, शुद्धीवर आणणे, नंतरच्या वेदना शमविणे आणि अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रोग्यांचा श्वास सांभाळणे, एवढा पसारा त्यात येतो. ज्यांस डॉक्टर होणे शक्य नाही अशा तरुणांसाठी शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञांचे अभ्यासक्रमही आहेत, हे पालकांनी ध्यानी घ्यावे. आमच्या स्वतःच्या शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनांचे नाव आम्ही चार जणांकडून खात्री करून घेतले होते. भूल कोण देणार, हे मात्र विचारले नाही. मेजावर निजल्यावर कोणी एक तरुण डॉक्टर उशाशी आले, त्यांनी कपाळावर हात ठेवला, आणि त्यापुढचे काही आठवत नाही.

स्नो यांच्या त्या वह्या लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जपून ठेविल्या असून १९९४ मध्ये त्या छापूनही निघाल्या आहेत. प्रारंभी जिचा उल्लेख केला ती ज्ञातिकन्या सध्या आपल्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात आहे. यंदाच्या मेळाव्यास तिचे वडील एकटेच आले होते. मुलीस रात्रपाळी होती, असे त्यांनी सांगितले.